तिवराच्या पानावरचं मीठ

[दृश्य: ठाणे खाडी, मे महिन्यातली दुपार, ओहोटी]

चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली ही टोकं म्हणजे तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळं. पण आज आपल्याला पाहायचंय ते पान.

[दृश्य: पान, अगदी जवळून]

हे पांढरे कण दिसतायत? धूळ नाही ती, मीठ आहे. जिभेला लावलं तर खारट लागेल. या खाडीतलं पान मात्र लावू नका. इथं काय काय वाहून येतं, ते मुंबई-ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. बांध फुटून हे पाणी खाचरात शिरलं की भात जळतो, हे कोकणात खारजमीन कसणाऱ्यांना ठाऊक आहे. मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि आत घुसलेलं सोडियम पेशींचं कामकाज बिघडवतं.

मग तिवर कसा जगतो? खारफुटीला मीठ आवडतं, असं सर्रास म्हणतात. ते काही खरं नाही. तिवराची रोपं समुद्राच्या निम्म्याहून कमी खारट पाण्यात जास्त जोमानं वाढतात. जास्त मीठ त्यालाही नकोच असतं.

म्हणून बहुतेक मीठ मुळांपाशीच अडवलं जातं. पाणी तेवढं आत येतं. ते खेचून घ्यायला पानांतल्या बाष्पीभवनाचा ताण लागतो. शास्त्रज्ञ पेर शोलँडर आणि सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात खारफुटीच्या फांद्यांमधला हा ताण मोजला. तो वातावरणाच्या दाबाच्या तीस पटींहून जास्त भरला!

तरीही थोडं मीठ निसटतंच. त्यातलं काही पेशींमधल्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे पाण्यानं भरलेल्या पिशव्यांमध्ये, कोंडलं जातं. त्याला तोल म्हणून उरलेल्या पेशीद्रवात ग्लायसीन बीटेनसारखी निरुपद्रवी रसायनं साठवली जातात. बाकीचं मीठ पानांवरच्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात. थेंब वाळतो, कण उरतो. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर झालं की ग्रंथींचं काम कमी होतं. उन्हाळ्यात पुन्हा वाढतं.

[दृश्य: खाडीपासून आत, भेगाळलेली जमीन]

या खटपटीला ऊर्जा लागते, आणि ती वाढीतून वजा होते. भरतीचं पाणी क्वचितच पोचतं आणि उन्हानं माती आणखी खारावते, अशा जागी तिवर जगतो खरा, पण खुरटा राहतो. खाडीच्या काठावर त्याच जातीची झाडं कित्येक पट उंच होतात.