अंगावर ‘पित्त’ उठते, तेव्हा शरीरात काय घडते?

नमस्कार. वर्षानुवर्षे आवडीने कोळंबीचे कालवण खाणाऱ्या माणसाचे ओठ एखाद्या दिवशी जेवता जेवता खाजू लागतात, आणि हात धुऊन होईपर्यंत पोटावर, पाठीवर लालसर गांधी उठतात. आपण म्हणतो, ‘अंगावर पित्त उठले’, आणि आमसुलाचे पाणी चोळतो. पण यकृतातल्या पित्ताचा याच्याशी काहीही संबंध नसतो.

कोळंबीच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते आणि ते शिजवूनही फारसे बिघडत नाही. काहींचे शरीर या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू मानून त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ ही प्रतिपिंडे तयार करते, आणि हे घडत असताना त्या माणसाला कसलाच त्रास जाणवत नाही.

अशी ॲलर्जी रक्तातून दुसऱ्याच्या अंगात नेता येते, हे १९२१ मध्ये प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या डॉक्टरांनी दाखवले. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तेवढ्याच जागेवर गांध उठली. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण रक्तातील तो घटक म्हणजे आयजीई, हे कळायला पुढे चार दशकांहून अधिक काळ लागला.

ही प्रतिपिंडे त्वचा, श्वासनलिका आणि आतडी यांतील ‘मास्ट’ नावाच्या संरक्षक पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा कोळंबी पोटात गेली, की तिचे प्रथिन शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकत्र जोडते आणि पेशीत भरलेले हिस्टामिन या रसायनाचे कण काही मिनिटांत बाहेर पडतात. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या सैलावून पाझरू लागतात, म्हणून सूज येते, श्वासनलिका आवळते, आणि हे सगळ्या शरीरात एकाच वेळी घडले, तर रक्तदाब कोसळतो. यालाच ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

ॲलर्जीची गोळी फक्त हिस्टामिनला अडवते आणि तिचा परिणाम दिसायला वेळ लागतो. आवळलेली श्वासनलिका ती उघडू शकत नाही. ॲड्रेनॅलिन मात्र रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळी करते आणि मास्ट पेशींनाही आवरते, म्हणून मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेले त्याचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे. धाप लागली, आवाज घोगरा झाला किंवा भोवळ आली, तर आमसूल शोधत बसू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा. भोवळ आलेल्या रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवा, एकदम उभे करू नका. श्वास घेणे जड जात असेल, तर मात्र बसते ठेवा. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास थांबावे लागते, कारण कधीकधी हीच लक्षणे नव्याने कोळंबी न खाताही परत उसळतात.