बार्शी लाईटची विलायती बहीण

नमस्कार, श्रोतेहो.

कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज या पट्ट्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ‘बार्शी लाईट’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अडीच फुटांवरचे दोन रूळ, वारीच्या दिवसांत टपापर्यंत भरलेले डबे, रानातून रमतगमत जाणारी गाडी. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मी रूळ बघत वाढलो ते त्यांच्यामुळे.

आज मला या बार्शी लाईटच्या एका बहिणीबद्दल बोलायचं आहे. ती इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशर परगण्यात होती. नाव लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे. सहा वर्षं झाली, घरातल्या एका खोलीत मी तिचं मॉडेल करतो आहे. खरं सांगायचं तर त्यातला बराचसा वेळ पत्रा कापण्यात किंवा रंग देण्यात गेला नाही. ती गाडी नेमकी कशी होती, हे शोधण्यात गेला. आजचं बोलणं त्या शोधाविषयी आहे.

दोन्ही रेल्वेंच्या मागे माणूस एकच, एव्हरार्ड काल्थ्रॉप. १८८२ मध्ये तो आपल्याकडे जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आला. मुख्य लाईनपासून लांब राहिलेल्या बाजारपेठांना स्वस्तातली हलकी रेल्वे द्यावी, या ध्यासाने त्याला पछाडलं होतं. बार्शी लाईट १८९७ मध्ये सुरू झाली. तिचं गणित साधं होतं: इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. म्हणजे हलके रूळ पुरतात, पूल हलके होतात, खर्च आवाक्यात राहतो. हेच गणित घेऊन तो मायदेशी मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात उतरला. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, सव्वाआठ मैलांची ही लाईन २७ जून १९०४ रोजी सुरू झाली. (याच काल्थ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. पण तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.)

त्या खोऱ्यातल्या लोकांना ही गाडी परदेशी वाटली असणार. इंजिनांना आपल्याकडच्यासारखे मोठे हेडलाईट. डब्यांच्या टोकाला व्हरांडा. आणि डब्यांचा रंग फिकट पिवळा, प्रिमरोझच्या फुलासारखा. इंजिनं फक्त दोन, लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेली. एकाचं नाव ‘ई. आर. काल्थ्रॉप’, दुसऱ्याचं ‘जे. बी. अर्ल’. अर्ल म्हणजे जागेवर राहून लाईन बांधून घेणारा इंजिनियर. प्रवासी डबे एकूण चार. एवढा हा संसार!

मी ही लाईन निवडली ती या लहानपणामुळेच. दोन इंजिनं आणि चार डबे म्हटल्यावर एका माणसाला सगळा संसार पुरा करता येईल असं वाटलं. पण लाईनची लांबी मोजली तेव्हा जमिनीवर आलो. ब्रिटनमध्ये बरेचसे मॉडेलवाले एक फुटाला चार मिलिमीटर या मापाने काम करतात. त्या मापाने सव्वाआठ मैल म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे मीटर. इतकी मोठी खोली कोणाकडे असते? म्हणून एक तुकडा निवडायचा. मी निवडला थोरच्या गुहेखालचा. डोंगरात उंचावर गुहेचं भलंमोठं तोंड, खाली नदी, आणि नदीला बिलगून जाणारे रूळ.

जागा ठरली तरी काम अर्धंच झालं होतं. मॉडेलला जागेइतकीच तारीख लागते. ‘जुन्या काळची रेल्वे’ असा काही काळ नसतो. ही लाईन १९०४ ला सुरू झाली. १९०५ पर्यंत वॉटरहाउसेसला मोठ्या गेजची लाईन पोचलीच नव्हती. ती पोचेपर्यंत ही चिमुकली गाडी बाकीच्या रेल्वे जगापासून तुटलेली होती. १९२३ मध्ये ब्रिटनच्या रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत एकत्र झाल्या, तेव्हा ही लाईन लंडन मिडलंड अँड स्कॉटिश कंपनीकडे गेली आणि तिचे रंग बदलले. याच लाईनवरच्या एक्टन स्टेशनची डेअरी १९३२ मध्ये बंद पडली आणि दुधाची वाहतूक गेली. १२ मार्च १९३४ पासून लाईनच बंद. म्हणजे एक्टनच्या फलाटावर मी दुधाचे कॅन मांडले आणि वर्ष ठेवलं १९३३, तर ते खोटं झालं. कॅन कितीही सुबक केले तरी खोटंच.

मी ठरवलं, १९०५ चा ऑगस्ट. डबे अजून पिवळे आहेत, मोठी लाईन नुकतीच जोडली गेली आहे, आणि काल्थ्रॉपची एक जबरदस्त कल्पना कामाला लागली आहे. मोठ्या गेजची मालवॅगन, तिच्यातला माल न उतरवता, जशीच्या तशी अडीच फुटी गेजच्या एका बसक्या गाड्यावर चढवायची आणि थेट खोऱ्यात न्यायची. ट्रान्सपोर्टर म्हणतात त्या गाड्याला. ब्रिटनमध्ये असं आधी कोणी केलं नव्हतं. प्रवासी डब्यांच्या मागे ट्रान्सपोर्टर, आणि त्याच्या पाठीवर आख्खी मालवॅगन. लेकराच्या खांद्यावर बाप बसावा तसं दिसतं ते.

आणि एकदा ट्रान्सपोर्टर आला की बाकीच्या कितीतरी गोष्टी त्याच्यावरून ठरतात. स्वेन्सली इथे या लाईनवर एकच बोगदा आहे, १६४ यार्डांचा. शेजारच्या बंगल्यातल्या सर थॉमस वॉर्डल यांच्या नजरेला गाडी पडू नये म्हणून तो खोदला, असं सांगतात. (वॉर्डल हे लीकचे रेशीम रंगवणारे कारखानदार. भारतातल्या टसर रेशमावर त्यांनी पुष्कळ काम केलं.) अडीच फुटी लाईनला हा बोगदा फारच ऐसपैस वाटतो. कारण त्यातून ट्रान्सपोर्टरवरची मोठी वॅगन जायची होती. हे ठाऊक नसलेला माणूस मॉडेलमध्ये बोगदा लहान करून टाकेल, कारण डोळ्यांना तेच बरोबर वाटेल.

आता फोटो. सगळ्यात जास्त भरवसा आपण त्यांच्यावरच ठेवतो, आणि सगळ्यात जास्त फसतोही तिथेच. त्या काळी फोटो काचेवर टिपत. त्या साध्या काचांना निळा प्रकाश भराभर लागायचा, लाल जवळजवळ लागायचाच नाही. म्हणून निळं आकाश पांढरंफटक, लाल वस्तू काळी, आणि पिवळी असते त्याहून गडद येते. सगळे रंग जवळपास बरोबरीने टिपणाऱ्या काचा १९०६ पासून बाजारात आल्या, पण घरोघरच्या हौशी फोटोग्राफरांच्या हाती जुन्याच प्रकारची फिल्म पुढे कितीतरी वर्षं होती. त्यामुळे फोटोत डबा गडद दिसतो म्हणून तो लालच असेल, असं म्हणता येत नाही. मी पहिला डबा रंगवला तेव्हा हीच चूक केली होती. एका जुन्या पोस्टकार्डावरून डब्याचा खालचा भाग वेगळ्या, गडद रंगाचा ठरवला. पुढे लक्षात आलं, तो भाग सावलीत होता आणि वरच्या भागावर ऊन होतं. रंग एकच. थिनर लावून सगळा डबा खरवडला, पुन्हा सुरुवात केली.

पोस्टकार्डाची आणखी एक गोम आहे. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख कार्ड टाकल्याची असते, फोटो काढल्याची नाही. दुकानदार एकच चित्र वर्षानुवर्षं विकत असत. त्या काळी हातानं रंगवलेली कार्डंही निघत. रंगवणाऱ्याने ती गाडी आयुष्यात पाहिलेली असेलच असं नाही.

पण तेच फोटो मापाला उत्तम. रूळ दिसत असले की पट्टी आयती मिळते. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, हे पक्कं. फोटोत जिथे इंजिनाचा पुढचा भाग रुळांवर टेकतो, तिथलं अंतर मोजायचं, आणि त्याच पातळीवरच्या बाकीच्या वस्तू त्याच्याशी ताडायच्या. हेडलाईटची रुंदी मी अशीच काढली. भिंगाखाली, मिलिमीटरच्या पट्टीने, सलग तीन संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी आकडा पहिल्या दिवसाशी जुळला तेव्हाच पत्र्याला कात्री लावली.

कारखान्याचे नकाशे मिळाले तर सोनंच. तरी आजोबांची शिकवण विसरायची नाही. कागदावरचं इंजिन आणि शेडमध्ये उभं असलेलं इंजिन ही दोन वेगळी इंजिनं असतात, हे त्यांनी मला फार लहानपणी पटवून दिलं होतं. नकाशात काय व्हायला हवं ते असतं. दुरुस्तीला आलेल्या इंजिनाला फिटर हाती असलेला भाग बसवतो, पाईप थोडा वळवून घेतो, आणि त्याची नोंद कुठे होत नाही. म्हणून नकाशा आणि फोटो शेजारीशेजारी ठेवायचे. दोघांचं पटेना झालं तर माझ्या तारखेच्या जवळचा फोटो असेल, तर मी फोटोचं ऐकतो.

आणि इथेच मला बार्शीचा मोह आवरावा लागला. किटसननेच बार्शीची पहिली इंजिनं बनवली होती, घडणीत साम्य आहे. मॅनिफोल्डच्या इंजिनाचा एखादा भाग नीट दिसेना की हात आपोआप बार्शीच्या फोटोकडे जायचा. पण बार्शीच्या पहिल्या इंजिनांना चालक चाकांच्या चार जोड्या, आणि मॅनिफोल्डच्या इंजिनांना तीन, शिवाय पुढे दोन छोटी चाकं. बहिणी आहेत, जुळ्या नाहीत. एकीची नथ दुसरीला घालून चालत नाही.

जमिनीसाठी ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी मोजणी खात्याचे नकाशे आहेत. मैलाला पंचवीस इंच या मापाचे, इतके तपशीलवार की प्रत्येक बांध, प्रत्येक शेड, रुळांची प्रत्येक शाखा दिसते. आज ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या कृपेने घरबसल्या बघता येतात. फक्त समासात बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचायचं: मोजणी कधीची, सुधारणा कधीची, छपाई कधीची. तिन्ही वर्षं वेगळी असू शकतात. आणि त्या काळी ब्रिटनमध्ये प्रवासी लाईन सुरू होण्याआधी बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याचा अधिकारी येऊन ती तपासायचा. पूल, रूळ, चढ, सिग्नल, सगळ्यावर त्याचा अहवाल असे. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात असे अहवाल शिस्तीत लावून ठेवलेले आहेत. कोरडी सरकारी भाषा, पण मला ती बखरीसारखी गोड लागते.

रुळांच्या रुंदीचा प्रश्न मात्र असा आहे की तिथे मन घट्ट करावं लागतं. चार मिलिमीटरच्या मापात अडीच फूट म्हणजे बरोबर दहा मिलिमीटर. बाजारात तयार मिळतो तो नऊ मिलिमीटरचा ट्रॅक, म्हणजे सव्वादोन फूट. मोठ्या गेजवाल्यांचंही तेच दुखणं आहे. तिथला नेहमीचा ट्रॅक साडेसोळा मिलिमीटरचा, हवा जवळजवळ १८.८३. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, त्यांच्यात त्या काळच्या मोटरी मावेनात, म्हणून इंजिनाचं माप मोठं केलं आणि रूळ तेवढेच ठेवले. तेव्हापासून आजतागायत लाखो छोट्या गाड्या अरुंद रुळांवर धावतात. मी दहाचा ट्रॅक हाताने घालतो आहे. एका संध्याकाळी जेमतेम वीतभर होतो.

शेवटी नदीविषयी. मॅनिफोल्ड नदी मी पारदर्शक रेझिन ओतून केली होती. दोन महिन्यांचं काम, पाण्यावर प्रकाश असा खेळायचा की येणारे-जाणारे आधी तिच्याकडेच बघायचे. मग माझी मुलगी मँचेस्टरला राहायला गेली आणि मला एका ऑगस्टमध्ये ते खोरं बघायला मिळालं. रूळ उखडल्यावर तिथे पायवाट केली आहे, १९३७ पासूनची. स्वेन्सलीच्या बोगद्यातून आता मोटारी जातात. मी आणि मुलगी हल्म एंडपासून चालत निघालो. वेटन मिलपर्यंत नदी सोबतीला होती. पुढे थोरच्या गुहेखाली, माझ्या मॉडेलच्या जागेवर पोचलो, आणि नदीच नव्हती. नुसते दगड. चुनखडीचा डोंगर आहे तो. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत पाणी वेटन मिलजवळ जमिनीत उतरतं आणि कैक मैल खाली इलम गावाशी पुन्हा वर येतं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची तारीख बदला की. फेब्रुवारी करा, म्हणजे पाणी राहील." मी खूप वेळ त्या दगडांवर बसून राहिलो. फेब्रुवारी केला तर झाडं निष्पर्ण करावी लागतील, सहलीला आलेली माणसं काढावी लागतील, डब्यांच्या उघड्या खिडक्या बंद कराव्या लागतील.

घरी आल्यावर रेझिन छिन्नीने फोडून काढलं. त्या कोरड्या पात्रात उन्हाळ्यात आपल्या अळूसारखी रुंद पानांची झाडं माजतात, दगडांच्या फटींतून, पात्रभर. सध्या मी ती पानं कापतो आहे. सिगारेटच्या कागदातून, एकेक पान चार मिलिमीटरचं, मधली शीर सुईच्या टोकाने दाबून. आठशेच्या आसपास झाली आहेत. अजून पात्राचा निम्मा भाग बाकी आहे.

नमस्कार.