प्रभुभोजनाचा प्याला आणि खिडकीतला कप

जय ख्रिस्त, मंडळी.

(कप कॅमेऱ्यासमोर धरून) हा कप बघा. स्टीलचा आहे, कान जरा वाकलाय, बुडाशी पोचा आहे. आमच्या नगरच्या घरात हा कप कित्येक वर्षं मोरीजवळच्या खिडकीत पालथा असायचा. बाकीचे कप मांडणीवर आणि हा एकटा खिडकीत. धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींचा कप. दहाच्या सुमारास आई त्यात चहा ओतायची. मावशी उंबऱ्याशी बसून प्यायच्या, स्वतःच विसळायच्या आणि परत खिडकीत पालथा घालायच्या. हा वेगळा ठेवा असं आमच्या घरात कोणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती.

आता आम्ही कोण, तेही सांगते. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत ते खेड्यापाड्यांतल्या महार-मांग वस्त्यांपर्यंत पोचलं. आमचं घराणं त्याच वस्त्यांमधलं. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. ओंजळ धरून उभं राहायचं आणि कोणी वरून धार धरली तर प्यायचं. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक पिढीला सांगितली जाते. सांगताना आजीचा आवाज भरून यायचा. आणि त्याच घराच्या खिडकीत हा कप होता.

मला हे दिसलं एका रविवारी. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्याला एकच असतो. पाळकसाहेब कडा पुसतात आणि पुढच्याच्या ओठाला लावतात. माझ्या आधी एक निवृत्त मुख्याध्यापक होते, माझ्यानंतर चर्चची झाडलोट करणारे काका. आमेन म्हणून घरी आले, तर मावशी आलेल्या होत्या. मी चहा ओतायला घेतला आणि हात आपोआप खिडकीकडे गेला. तिथेच थांबला. तासाभरापूर्वी याच हातांनी मी भाकर घेतली होती.

आज मला याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. विश्वास रोजच्या जगण्यात कसा आणायचा, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आपण उत्तर देतो की सकाळी वचन वाचा, कौटुंबिक प्रार्थना करा, उपासना चुकवू नका. हे सगळं करावंच. पण पवित्र शास्त्र आपल्याला ज्या जागी धरतं ती जागा बहुतेक वेळा स्वयंपाकघरात असते, नाहीतर पगाराच्या पाकिटात.

करिंथ घ्या. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब जे शब्द वाचतात, की ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली, ते शब्द करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायातले आहेत. आपण २३व्या वचनापासून वाचतो. आज घरी गेल्यावर १७व्या वचनापासून वाचा. हे पत्र तिथल्या मंडळीला लिहिणारा प्रेषित पौल प्रभुभोजनाचा विधी समजावून सांगायला बसलेला नाही. तो रागावलेला आहे.

करिंथ हे ग्रीसमधलं दोन बंदरांचं, व्यापाराचं शहर. मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. ज्याचं घर मोठं, त्याच्या घरी सगळे जमायचे, आणि प्रभुभोजन म्हणजे खरोखरचं जेवण असायचं. मंडळीत घरंदाज लोक होते, तसे गुलाम आणि हातावर पोट असलेलेही होते. ज्यांच्याकडे होतं ते आपापलं आणलेलं आधी जेवून घ्यायचे. कोणी उपाशी राहायचा, तर कोणी पिऊन झिंगलेला असायचा. यावर पौल विचारतो, खायलाप्यायला तुम्हाला घरं नाहीत का? ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? आणि या भांडणाच्या मध्येच, ही लाज त्यांच्या पदरात घालताना, तो प्रभूची ती रात्र सांगतो. शेवटी उपाय काय देतो? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. इतका साधा.

म्हणजे आपल्या उपासनेतले सगळ्यात पवित्र शब्द पौलाने एका जेवणातल्या भेदभावावरून लिहिले. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. प्रत्येकाने आत्मपरीक्षा करावी, असं पौल त्याच ठिकाणी लिहितो. ही परीक्षा आपण मनातल्या पापांपुरती ठेवली. पण त्याआधी पौल ताटांविषयी बोलत होता. कोणाच्या ताटात काय आहे आणि कोणाला बाजूला बसवलंय, हेही तपासायचं आहे.

आपल्याकडे हे प्रकरण आणखी जुनं आणि आणखी खोल आहे, कारण आपल्या मातीत ताटाला, पाण्याला जात चिकटलेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधल्या काळात त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण त्यांचं स्वयंपाकपाणी वेगळं होतं. एका छताखाली दोन चुली. पुढे जातिभेद मनातून गेला आणि त्या कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या, तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आमच्यासारख्या घरांत तो उलटा झाला. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या आणि कप अजून खिडकीतच.

इथे एक गोष्ट मला जपून सांगायची आहे. कप बदला, आजच बदला, असं मी कोणावर लादणार नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या होत्या. तरीही तिथे राहणाऱ्या ब्राह्मण विधवांना आपलं सोवळंओवळं पाळायची मोकळीक त्यांनी दिली. समोरच्याचा मान राखणं हाही विश्वासाचाच भाग आहे, असं त्या वागल्या. आणि ज्या दिवशी भूक समोर आली त्या दिवशी त्या थांबल्या नाहीत. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी स्वतः आई, वडील आणि बहीण गमावली होती. म्हणून १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिथे गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं ते त्यातून. तिथे मुलींना नुसतं जेवायला घालून बसवलं नाही. त्या शेती करायच्या, विणायच्या, छापखाना चालवायच्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बाईला कळावं म्हणून साध्या मराठीत, आणि ते छापलंही तिथल्याच छापखान्यात. १९२२ साली रमाबाई गेल्या. मुक्तिसदन आजही आहे. दौंडकडे जाताना गाडी केडगावला थांबली की मी खिडकीबाहेर बघते आणि त्या मुलींचा विचार करते. त्यांच्या हातांत रमाबाईंनी काम दिलं आणि वचनही दिलं. दोन्ही एकाच दिवसात मावायचं.

आता पगाराच्या पाकिटाकडे येऊ. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा येशूने सांगितली ती आपल्याला पाठ असते, पण ती मुळात आहे कुठे? याच अध्यायात, १८व्या वचनात. आणि तिच्या आजूबाजूला काय आहे? शेताची कापणी करताना अगदी कडेपर्यंत कापू नको. पडलेला सरवा वेचू नको, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू दे. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. बहिऱ्याला शिव्या देऊ नको. वजनमापात खोट करू नको. प्रीतीची आज्ञा या सगळ्या कामांच्या मध्येच ठेवलेली आहे.

सरवा हा शब्द आपल्या गावाकडच्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. बाजरी काढली की मागे कणसं राहतात, ती वेचायला बाया येतात. देव म्हणतो, ती राहू दे. सगळं झाडून घरी नेऊ नको. आमच्या गावच्या मंडळीत हार्वेस्टला, म्हणजे सुगीच्या सणाला, लोक बाजरीचं पोतं, गावरान कोंबडी, अंडी, वांगी घेऊन येतात आणि उपासनेनंतर चर्चच्या आवारात लिलाव होतो. कोणी एका नारळाचे पाचशे रुपये मोजतो. मला तो सण मनापासून आवडतो. पण वेदीजवळ आणलेलं ते पोतं आणि शेतात राहिलेली ती कणसं, दोन्हीकडे देव बघतो असं लेवीय सांगतो.

शहरात आपल्याकडे शेत नाही. मग सरवा कुठला? मला विचाराल तर, मे महिन्यात आपण पंधरा दिवस गावाला जातो, तेव्हा धुणंभांडी करणाऱ्या मावशींचे पंधरा दिवसांचे पैसे कापतो का? ते पंधरा दिवस आपण सुट्टी म्हणून घेतले. त्यांना चूल पेटवायला सुट्टी नव्हती. ते पैसे म्हणजे शेताची कड. आणि मजुरी सकाळपर्यंत ठेवू नको, हे तर आणखी सरळ आहे. आमच्याकडे मावशींचे पैसे एक तारखेला द्यायचे ठरलेले होते. एका महिन्यात मी विसरले. नंतर सुट्टे नव्हते, मग मी बाहेरगावी होते. दिले नऊ तारखेला. मावशींनी एकदाही मागितले नाहीत. नंतर आईकडून कळलं की त्यांनी त्या आठवड्यात किराणा उधारीवर आणला होता आणि दुकानदाराने चार लोकांत त्यांना ऐकवलं होतं. त्या आठ दिवसांत मी दोनदा उपासनेला गेले होते, दानपात्रात पाकीटही टाकलं होतं. याकोब आपल्या पत्रात लिहितो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. आठ दिवस ते ओरडत होतं आणि मी गाणी म्हणत होते. मी मावशींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "असू द्या ताई, होतं." ते 'होतं' मला अजून बोचतं.

त्या रविवारी कपाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं.

मी मांडणीवरच्या कपात चहा ओतून मावशींपुढे ठेवला. त्यांनी हात मागे घेतला. "माझा कप कुठंय? मला त्याचीच सवय आहे," म्हणाल्या. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्या अवघडल्या. आई दारातून बघत होती. ती काही बोलली नाही. तिने खिडकीतला हा पोचलेला कप घेतला, त्यात स्वतःसाठी चहा ओतला आणि पिऊ लागली. मावशी म्हणाल्या, "अहो बाई, तो माझा आहे." आई म्हणाली, "मग आज मला द्या." मावशी हसल्या आणि दुसरा कप उचलला.

आता सगळे कप एकाच मांडणीवर असतात. हा व्हिडिओ करायचा म्हणून मी तो शोधला, तर धाकट्या भावाकडे होता, तो त्यात दूध पीत बसला होता. मावशी मात्र अजून खुर्चीवर बसत नाहीत. आईने पुष्कळदा सांगून पाहिलं. हल्ली तिने सांगणं सोडलंय. दहा वाजले की ती आपला कप घेऊन उंबऱ्याशी, त्यांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसते.