मालवणची होडी वाकडी का जाते

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर ‘मालवण कसं पाहावं’ असं लिहिलंय. त्यावर मी येणारच आहे. पण आधी विचारतो, या सभागृहात मालवणला न गेलेलं कोण आहे? हात वर करा. बघा, एकही नाही! आपण कोल्हापूरकर गगनबावड्याच्या घाटानं उतरतो नाहीतर फोंड्याच्या, दुपारच्या सुरमईला पोचतो, संध्याकाळी समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला करतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री तांबड्या-पांढऱ्याला घरी. जेवणाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. सोलकढी मीही मागून घेतो. माझं म्हणणं आहे ते किल्ला आणि घर यांच्यामध्ये जे राहून जातं, त्याबद्दल.

तीस वर्षांपूर्वी मी शाळेतली चाळीस पोरं घेऊन गेलो होतो. धक्क्यावरून होडीत बसलो. किल्ला समोर, अगदी हाकेच्या अंतरावर दिसतोय. आणि होडीवाले काका होडी डावीकडे नेतात, मग थोडी उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पोरांना मजा वाटत होती. मला मात्र परतीची एसटी गाठायची होती. मी म्हटलं, “काका, सरळ न्या की, किल्ला समोरच आहे.” त्यांनी सुकाणू सोडलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, “सरळ नेलंय तर होडी खडकार जातली, मास्तर. हयसर पाण्याखाली खडकच खडक आसत. म्हाराजांका ठाऊक होता, म्हणान किल्लो हयसर बांधल्यानी.”

मी भूगोल शिकवणारा माणूस. सिंधुदुर्गाची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664ची, बेटाचं नाव कुरटे, तट सुमारे तीन किलोमीटरचा, पायात शिसं ओतलेलं, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे सगळं मी पोरांकडून घोकून घेतलं होतं. पण हा तट उभा राहण्याआधीच समुद्रानं तिथं एक तट बांधून ठेवला होता, हे मला त्या होडीत कळलं. परक्या जहाजाला ही वाट सापडत नाही. जवळ यायचं तर इथलाच माणूस सुकाणूवर हवा. महाराजांनी जागा निवडली ती हे खडक बघून. किनाऱ्यावर आजही मोरयाचा धोंडा आहे. किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा तिथं झाली, असं गाव सांगतं. पूजासुद्धा खडकाचीच बघा!

यात आपल्या कोल्हापूरचा भाग मोठा आहे. किल्ल्यातलं शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांचं देऊळ त्यांचे धाकटे पुत्र राजाराम महाराजांनी बांधलं. आतली मूर्ती बिनदाढीची, डोक्यावर नावाड्यासारखी टोपी. पुढे 18व्या शतकात किल्ला आणि बंदर करवीरकर छत्रपतींकडे होतं. 1765 साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. दर्यावर्दी मालवणवाल्यांचा त्यांना इतका जाच झाला होता! मग पैसे आणि अटी घालून किल्ला कोल्हापूरला परत दिला. 1812च्या करारात मात्र मालवण कायमचं गेलं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं ते आपलं बंदर होतं. पंचगंगेच्या काठावरच्या राज्याला समुद्राचं दार होतं, हे आपल्या पोरांना आपण सांगतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

आता त्याच खडकांची दुसरी बाजू. 1987 साली या पाण्याला मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. त्यातला तीन चौरस किलोमीटरांहून थोडा जास्त भाग गाभ्याचा, त्यात किल्ल्याशेजारचं पद्मगडाचं बेट आणि आसपासचे बुडालेले खडक येतात. मंडळी, हे तेच खडक! त्यांच्यावर प्रवाळ वाढतं, शेवाळ धरतं, कपारींत माशांची पिल्लं लपतात. ज्यांनी परक्या जहाजांची वाट अडवली, तेच आज मासळीचं पाळणाघर आहेत. किल्ला पुरातत्त्वाचा आणि अभयारण्य वनखात्याचं अशी वाटणी कागदावर असेल, पाण्याखाली ती नाही. एवढं एकच सांगायला मी आज आलो आहे.

आणि म्हणून पुढची गोष्ट सांगतो, ती सांगताना मला त्रास होतो. इथल्याच एका परिचितांच्या घरी गेलो होतो. दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये पांढरंशुभ्र प्रवाळ, मुठीएवढं. “मालवणला पाण्यात उतरलो होतो, तेव्हा काढून आणलं,” ते कौतुकानं म्हणाले. बरोबर नेणाऱ्या माणसानं अडवलं नाही, उलट फोटो काढून दिला. माणूस वाईट नाही हो, सज्जन आहे. त्यांना तो दगड वाटला. मी म्हटलं, “हा जीव होता. जिवंत असताना याला रंग होता, मेल्यावर पांढरा पडला. वन्यजीव कायद्यात याचं रक्षण वाघाच्या बरोबरीचं आहे, पहिल्या अनुसूचीतलं.” वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. आपण राधानगरीच्या जंगलातून गव्याचं शिंग उचलून आणून शोकेसमध्ये ठेवू का? दाजीपूरला 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. जंगलाची रीत आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कळते. तीच रीत पाण्याखाली लावायला आपण शिकलो नाही. पाणी वरून सपाट दिसतं ना!

अभयारण्य झालं तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला, हेही सांगितलं पाहिजे. आपल्या होड्या बंद होणार, ही त्यांची भीती होती. दाजीपूरच्या वाड्यांवर ज्यांचे पाहुणे आहेत, त्यांना ती लगेच समजेल. आणि मालवणचा रापणकर खडकाचा शत्रू नव्हे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात टाकलेलं मोठं जाळं, दोन्ही टोकं सगळ्यांनी मिळून ओढायची आणि मासळीचे वाटे करायचे. खडक कुठं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण खडकात अडकलं तर जाळं त्याचंच फाटतं. त्याचं भांडण आहे ते बाहेरून येऊन पर्ससीननं, म्हणजे थव्याला घेरून खालून आवळणाऱ्या मोठ्या जाळ्यानं, आणि दिव्यांच्या झोतानं थवेच्या थवे उपसणाऱ्यांशी…

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि फळ्यावरचा विषय अजून तसाच! भराभर सांगतो, लिहून घ्या.

जायचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ठरवा. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला, तिथी पंधरा धरून, सव्वाअकरा. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पाणी सगळ्यात जास्त हटतं. काही मिनिटं इकडेतिकडे होतात, गावात विचारून घ्या. त्या वेळी किल्ल्यात असू नका, मालवणातच दांडीच्या किनाऱ्यावर उभे राहा. खडकांची डोकी एकेक करून वर येतात. मग होडी वाकडी का गेली ते डोळ्यांना दिसतं.

किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याचा दरवाजा तटाच्या वळणात लपलेला आहे, लांबून दिसत नाही. जवळ जाईपर्यंत तो ओळखायचा प्रयत्न करा, पोरांना पैज लावा. पावसाळ्यात होडी बंद असते, तेव्हा जाऊन हट्ट धरू नका.

पाण्यात उतरायचं असेल तर आधी दोन प्रश्न विचारा. नांगर कुठं टाकता? वाळूत की खडकावर? उत्तर नीट आलं नाही तर उतरू नका. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर आधी विचारा, आणि हो म्हणाले तर दोरीला हात लावा. फोटो नंतर.

मुक्काम दोन रात्रींचा करा. एका रात्रीत भरती-ओहोटीचं गणित बसत नाही.

येत्या पौर्णिमेला आम्ही पाच जण फोंड्यानं निघतोय. गाडीत दोन जागा आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी खाली चहाच्या टेबलाशी भेटा.