उत्तराच्या हातातले लगाम

मंडळी, महाभारतातल्या एखाद्या तरुण वीराच्या स्वभावावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात अभिमन्यू असणार. मी बोलणार आहे ते त्याच्या मेहुण्यावर. मत्स्यदेशाचा राजा विराट, त्याचा मुलगा उत्तर.

मराठी माणसाला उत्तर भेटतो तो मोरोपंतांमुळे. ‘बालिश बहु बायकांत बडबडला.’ अनुप्रासाचं उदाहरण म्हणून ही ओळ पाठ केलेले कितीतरी जण आज इथे बसले असतील. ओळ इतकी चपखल बसली की पुढे उत्तराचं काय झालं हे विचारायची कुणाला गरजच वाटेनाशी झाली. बढाईखोर म्हणजे उत्तर, विषय संपला. ओळीत खोटं काही नाही. पण ती त्याच्या गोष्टीच्या सुरुवातीची ओळ आहे, आणि तिथेच थांबणं हा त्या मुलावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रसंग तुम्हाला माहीत आहे. कीचक मेला, मत्स्यांचा सेनापती गेला. ही संधी साधून त्रिगर्तांच्या सुशर्म्याने एका बाजूने गाई पळवल्या. विराट सगळं सैन्य घेऊन त्याच्यामागे गेला, अज्ञातवासासाठी वेषांतर करून त्याच्याकडे राहिलेले चार पांडवही त्याच्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने कौरव आले आणि त्यांनी साठ हजार गाई वळवल्या. गवळ्यांचा मुख्य धापा टाकत राजवाड्यात आला, तर सांगायला राजा नाही. अंतःपुरात राजपुत्र तेवढा सापडला.

मग ते प्रसिद्ध भाषण झालं. मी आत्ता निघालो असतो, पण चांगला सारथी नाही. माझा सारथी मागच्या मोठ्या युद्धात मेला, ते युद्ध अठ्ठावीस रात्री तरी चाललं, किंवा महिनाभर असेल. सारथी मिळू द्या, मग कौरव म्हणतील, हा प्रत्यक्ष अर्जुनच तर आपल्यावर चालून आला नाही ना? ‘अठ्ठावीस रात्री किंवा महिना’ हे व्यासांनी फार बारकाईने टिपलंय. थाप मारणारा माणूस आकडा देतो, आणि देतादेताच तो आकडा त्याच्या हातून सुटतो.

सारथी नाही ही सबब तिथे सैरंध्री म्हणून दासीच्या वेषात राहणाऱ्या द्रौपदीने काढून घेतली. अर्जुनाचं नाव त्या तोंडून ऐकणं तिला सहन झालं नाही. तिने बृहन्नडेचं, म्हणजे वेष पालटलेल्या अर्जुनाचंच, नाव सुचवलं. रथ निघाला. त्याची बहीण उत्तरा आणि तिच्या मैत्रिणींनी बाहुल्यांसाठी कौरवांची रंगीत वस्त्रं आणा म्हणून सांगितलं. स्मशानाजवळ पोचल्यावर समुद्रासारखं पसरलेलं कुरुसैन्य दिसलं, आणि उत्तराच्या अंगावर काटा आला. ‘रोमहर्षं हि पश्य मे’, माझ्या अंगावरचा हा काटा बघ, असं तो स्वतःच म्हणतो. पुढचं त्याचं बोलणं मला नेहमी चटका लावतं. बाप सगळं सैन्य घेऊन गेला, मला मोकळ्या नगरात ठेवून. मी एकटा, ते पुष्कळ. ते अस्त्रं शिकलेले, मी पोर, मला सराव नाही.

एवढा वेळ बोलतोय, त्यात ही पहिली खरी गोष्ट. ‘अकृतश्रम’ हा त्याचा स्वतःचा शब्द आहे. सैन्याचा सगळा भार मामा कीचकावर. त्या मामाने भरसभेत सैरंध्रीला लाथ मारली, आणि राजा गप्प बसला. अशा घरात मुलगा वाढला. त्याला पराक्रमाची भाषा आली, पराक्रमाची मेहनत कुणी करून घेतली नाही.

पण म्हणून मी त्याला सूट देणार नाही. तो पुढे म्हणतो, कौरवांना न्यायचं ते धन नेऊ दे, बायका-पुरुष मला हसोत. आणि धनुष्य टाकून रथातून उडी मारून पळतो. ज्या प्रजेच्या गाई गेल्या तिला तो वाऱ्यावर सोडतो. हे भ्यायल्याबद्दल मी म्हणत नाही; भीती कुणालाही वाटेल. पण सकाळी त्याने त्या गवळ्याला शब्द दिला होता. अर्जुन वेणी आणि लाल वस्त्रं उडवत मागे धावला, शंभर पावलांत त्याचे केस धरले. उत्तर लाच देऊ लागला: शुद्ध सोन्याचे शंभर निष्क, आठ वैडूर्य रत्नं, रथ, दहा हत्ती, पण मला सोड. माणूस याहून खाली काय जाणार!

इथून पुढे मात्र हळू वाचायला हवं.

अर्जुन त्याला रागावत बसत नाही. लढायचं नसेल तर नको लढू, घोडे धर, मी लढतो, एवढंच म्हणतो. आधी शमीच्या झाडावरची शस्त्रं काढायची असतात. उत्तर कुरकुरतो: त्या झाडावर प्रेत बांधलंय म्हणतात, मी राजपुत्र, कसा शिवू? पण चढतो. दसऱ्याला शमी पुजताना आपल्याला पांडवांची शस्त्रं आठवतात, ती खाली उतरवणारा मुलगा आठवत नाही. गुंडाळी सोडल्यावर तो एकेक धनुष्य न्याहाळतो, हे कुणाचं, ते कुणाचं, विचारत राहतो. समोरचा म्हणतो, मीच अर्जुन. तरी पोरगा लगेच पाया पडत नाही. अर्जुनाची दहा नावं मी ऐकली आहेत, तू ती सांग, मग मानतो. इतक्या घाबरलेल्या अवस्थेत इतकं शहाणपण शाबूत राहणं सोपं नाही. अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सू, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय, अशी दहाही नावं अर्थासकट मिळाल्यावर तो हात जोडतो आणि अजाणतेपणी बोललो त्याची क्षमा मागतो.

आणि मग तो एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. वासुदेवाचा जसा दारुक, इंद्राचा जसा मातली, तसा सारथ्यात मी तयार आहे, असं तो म्हणतो. आपल्याला वाटतं, आली पुन्हा बोलाचीच कढी. पण ऐका. तो जुंपलेल्या चार घोड्यांकडे बोट करून एकेकाबद्दल बोलू लागतो. हा उजव्या धुरेचा, याचं पाऊल जमिनीला लागलेलं दिसत नाही, हा सुग्रीवासारखा. डावा मेघपुष्पासारखा. मागच्यांपैकी एक शैब्याच्या तोडीचा, एक बलाहकाच्या. ही कृष्णाच्या रथाच्या घोड्यांची नावं. युद्ध अठ्ठावीस रात्री चाललं की महिनाभर, हे ज्याला धड सांगता येत नव्हतं, तो कुठला घोडा कुठल्या बाजूला का जुंपलाय हे न अडखळता सांगतो.

म्हणजे मुलाला काहीतरी येत होतं! घोडे येत होते. पण अंतःपुरात त्याने ते सांगितलं नाही. राजपुत्राने धनुष्याच्या गोष्टी करायच्या, लगामाच्या नाही, असं त्याच्या मनात बसलेलं असावं. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो. ‘मला सारथी नाही’ म्हणून अडून बसलेला स्वतः सारथी होता, आणि वीराचं सोंग उतरवल्यावरच ते त्याच्या तोंडून निघालं.

भीती काही त्या क्षणी गेली नाही. अर्जुनाने शंख फुंकला तेव्हा उत्तर रथात मटकन खाली बसला. अर्जुनाने पुन्हा धीर दिला, पुन्हा लगाम हातात आले. मग दिवसभर भीष्म, द्रोण, कृप, कर्ण, अश्वत्थामा यांच्यासमोरून त्याने तो रथ फिरवला. शेवटी अर्जुनाने संमोहन घालून सगळ्यांना निश्चेष्ट केलं आणि त्याला म्हणाला, उत्तरेने सांगितलेलं आठवतंय ना? जा, द्रोण-कृपांची पांढरी वस्त्रं, कर्णाचं पिवळं, अश्वत्थामा-दुर्योधनाची निळी घेऊन ये. भीष्मांना मात्र टाळून जा, त्यांना यावरचा उतारा माहीत आहे. उत्तराने लगाम सोडले आणि रथातून उडी मारली. सकाळी उडी मारली होती ती पळायला. आता तो त्या सैन्याच्या आत चालत गेला, वस्त्रं घेतली, परत रथावर चढला. या श्लोकात व्यास त्याला ‘महात्मा’ म्हणतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीत विराटपर्व १९३६ साली आलं; तिच्यातही तो शब्द तसाच आहे. सकाळचा बालिश, संध्याकाळचा महात्मा.

तरीही माझ्या मते त्याची खरी परीक्षा रणात झालीच नाही. ती घरी झाली.

परतताना अर्जुन सांगतो, आम्ही कोण हे आताच उघड करू नकोस, गाई मी जिंकल्या असं बापाला सांग. उत्तर म्हणतो, तुम्ही जे केलंत ते करायची माझी ताकद नाही. पण तुम्ही सांगेपर्यंत तुमचं नाव घेणार नाही. दूत पुढे गेले ते उत्तराचा विजय घोषित करतच. विराट आनंदाने कंकाशी, म्हणजे वेष पालटलेल्या युधिष्ठिराशी, सोंगट्या खेळत बसला होता. बृहन्नडा सारथी असल्यावर विजय का होणार नाही, असं कंक एवढंच बोलला, तर राजाने फासा त्याच्या तोंडावर मारला. युधिष्ठिराच्या नाकातून रक्त आलं. बापाला खरं ऐकवत नव्हतं.

उत्तर आत आला. पहिल्यांदा त्याला ते रक्त दिसलं. कुणी मारलं, विचारलं, आणि बापाला त्याची क्षमा मागायला लावली. नंतर विराटाने एकेक नाव घेऊन विचारायला सुरुवात केली: बाळा, कर्णाशी गाठ कशी पडली? भीष्मांशी? द्रोणांशी? नाव ऐकावं आणि बढाई मारावी, अशी एकामागून एक आयती संधी. गाव सजलेलं, खुद्द अर्जुनाने थाप मारायची मुभा दिलेली. पकडणारं कुणी नाही. आणि तो म्हणाला, ‘न मया निर्जिता गावो न मया निर्जिताः परे.’ गाई मी जिंकल्या नाहीत, शत्रू मी जिंकले नाहीत. ते सगळं एका देवपुत्राने केलं. इथेच थांबला असता तरी चाललं असतं. पण पुढे म्हणाला: मी भिऊन पळत होतो, त्याने मला अडवलं.

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. शंभर पावलांची ती धाव बापापासून लपवणं सहज शक्य होतं. बढाया मारून चोवीस तासही झाले नव्हते. आणि गुपितही फोडलं नाही. अर्जुन इंद्राचा मुलगा, तेव्हा ‘देवपुत्र’ हा शब्द खराच. तो देवपुत्र आहे कुठे, तर अंतर्धान पावला, उद्या-परवा प्रकटेल.

पुढे उत्तरेचं अभिमन्यूशी लग्न झालं आणि मत्स्य पांडवांच्या बाजूने कुरुक्षेत्रावर उतरले. भीष्मपर्वात उत्तर पहिल्याच दिवशी दिसतो, हत्तीवर. समोर मद्रराज शल्य. कर्णाचं सारथ्य पुढे ज्याने केलं तो. उत्तराच्या हत्तीने शल्याच्या रथाच्या जूवर पाय दिला आणि चारही घोडे मारले. शल्याने बिनघोड्यांच्या रथातून भाल्यासारखी लोखंडी शक्ती फेकली. ती चिलखत फोडून आत गेली. त्या दिवशी उत्तराने उडी मारली नाही. तो हत्तीच्या खांद्यावरून खाली कोसळला, आणि हातातले अंकुश नि तोमर तेव्हा सुटले.