गिट्टीतली बाग आणि तळ्याचं पाणी

मंडळी, नमस्कार. ज्यांच्या परसात तळं आहे त्यांनी जरा हात वर करा बघू. वा, बरेच आहेत. आता ज्यांचं पाणी मे महिन्यात हिरवं होत नाही, त्यांनीच हात वर ठेवा. मागे ते एकटे काका उरले. काका, तुमच्या तळ्यात कमळं जास्त आणि मासे कमी असणार. बरोबर ना? वाटलंच.

मला आज बोलायला सांगितलंय ते तळ्याच्या बॉग फिल्टरवर, म्हणजे गिट्टी आणि झाडांच्या गाळणीवर. गिट्टीनं भरलेला एक उथळ हौद, त्यात खालून पाणी सोडायचं, वर झाडं लावायची आणि वरून सांडणारं पाणी परत तळ्यात पाडायचं, इतकंच ते असतं. मोजमापं शेवटी देते. पण आधी मला एका सल्ल्याविरुद्ध बोलायचंय. आपल्या नागपुरात या सल्ल्यानं जेवढे मासे मेले, तेवढे बगळ्यांनीही खाल्ले नसतील. "पाणी हिरवं झालं? उपसा, घासा, नवीन भरा." हाच तो सल्ला. देणारे आत्मविश्वासानं देतात आणि ऐकणारे दर रविवारी बादल्या घेऊन उभे राहतात.

माझ्या धाकट्या जावेचं घर पश्चिम नागपुरात, एका जुन्या लेआउटमध्ये आहे. मागे कडुलिंब, संत्र्याची दोन झाडं, आणि नातवाच्या हट्टापायी केलेलं तळं. दहा फूट लांब, सात फूट रुंद, दोन फूट खोल, म्हणजे साधारण चार हजार लिटर पाणी. ठेकेदारानं भर उन्हाळ्यात सिमेंटचा हौद बांधला, तोही थेट काळ्या मातीत. कापसाची काळी माती काय चीज आहे हे इथे कुणाला सांगायला नको. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी भेग पडते आणि मृगाचा पाऊस पडला की तीच माती फुगून वर उठते. पहिल्याच पावसाळ्यात हौदाला तडा गेला. लिंपला, पुढच्या वर्षी पुन्हा गेला. खाली मुरूम भरून ठोकून घेतला असता, किंवा सिमेंटऐवजी शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरला असता, तर हे झालंच नसतं. कागद मातीबरोबर हलतो, सिमेंट हलत नाही. हे मी विषय सोडून बोलत नाहीये. गाळणीचा हौदही तुम्ही त्याच मातीत बांधणार आहात.

तर मार्च लागला, ऊन तापलं, पाणी मटारच्या उसळीसारखं झालं. ठेकेदार आला आणि म्हणाला, मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका. टाकला. शेवाळ मेलं, तळाशी बसलं, कुजलं आणि वास सुटला. मग तो म्हणाला, आता दर आठवड्याला पाणी बदला. माळी यायचा, सगळं उपसायचा, भिंती तारेच्या ब्रशनं घासायचा, गिट्टी ऊन दाखवून परत घालायचा आणि नळाचं पाणी भरायचा. दोन दिवस तळं आरशासारखं दिसायचं. तिसऱ्या दिवशी एखादा मासा पालथा, चौथ्या दिवशी दोन. ठेकेदाराचं म्हणणं, मासेच कच्चे होते! तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांवरून आपल्यापर्यंत येणारं पेंचचं पाणी, ज्याच्यासाठी मे महिन्यात अर्धं शहर नळाकडे डोळे लावून बसतं, ते चार-चार हजार लिटर नालीत. याचा मला फार राग आहे आणि तो मी लपवत नाही.

एका पहाटे तिचा फोन आला. "ताई, सगळे मासे वर आलेत, तोंडं उघडताहेत, आणि हा पोरगा रडतोय." मी म्हटलं, कूलरचा पंप काढ, तळ्यात सोड, पाईप हातभर उंच धर आणि पाणी वरून पडू दे. तिनं तसंच केलं आणि मासे वाचले. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर हेच करा. कूलरचा पंप नागपुरात प्रत्येक घरी असतो.

आता पहाटच का? एक लिटर पाणी २० अंशाला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकतं, ३५ अंशाला ७ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे उन्हाळ्यात साठा मुळातच थोडा. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही श्वास घेतं. रात्रभर मासे आणि शेवाळ दोघंही त्याच साठ्यावर जगतात आणि सूर्य उगवायच्या आधी तो तळाला जातो.

आणि घासल्यावर मासे का मरतात? हे नीट ऐका, कारण सगळी गाळणी यावर उभी आहे. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. हे मुख्यतः दगडावर, भिंतीवर, मुळांवर चिकटून राहतात. तुम्ही ज्याला बुळबुळ म्हणून घासून काढता, त्यात ते असतात. ब्रशनं निम्मे गेले, उरलेले उन्हानं आणि नळाच्या क्लोरीननं संपवले. आता माशांचा अमोनिया आहे आणि तो पचवणारं कुणी नाही. त्यात पाणी हिरवं असलं तर दुपारी ते अल्कधर्मी होतं, आणि ऊन व अल्क मिळून तोच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो.

शेवटी उरतं नायट्रेट. ते खत आहे. कुणीतरी ते खाणारच. झाडांनी खाल्लं तर तळ्यात कर्दळ फुलते, नाही तर शेवाळ खातं आणि पाणी हिरवं होतं. अंबाझरी तलावात जलपर्णी माजते तेही याच न्यायानं. दरवर्षी ती काढायची चर्चा होते, तिला खायला कुठून मिळतं याची फारशी होत नाही. असो, तो विषय काढला तर आपण इथेच जेवायला बसू.

माझ्या तळ्याच्या गाळणीतून मी मधूनमधून कर्दळीचा एखादा गड्डा उपटून बघते. तुम्हीही बघा. पांढरी, सुतासारखी मुळं असतात, आणि प्रत्येक मुळानं दोन-चार खडे घट्ट धरलेले असतात. खडा बोटात फिरवला तर त्यावर तपकिरी, निसरडा थर लागतो. वास घ्या. पहिल्या पावसातल्या मातीचा वास आला तर सगळं ठीक आहे. सडक्या अंड्याचा आला तर समजा, पाणी आत फिरत नाहीये, प्राणवायू पोचत नाहीये. मला विचाराल तर मी कुठल्याही टेस्ट किटच्या आधी हा खडा बघेन.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीत केटे झाइडेल या बाईंनी १९५०च्या दशकात लव्हाळ्यांवर सांडपाणी सोडून प्रयोग केले. आणि आपल्याकडे? १९५८ साली स्थापन झालेली नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था याच नागपुरात आहे, आणि गिट्टी-झाडांतून सांडपाणी साफ करणारी फायटोरिड ही पद्धत तिनंच विकसित केली. मोठ्या वसाहतींचं सांडपाणी ज्या तत्त्वावर साफ होतं, त्याच तत्त्वावर तुमचे डझनभर गोल्डफिश आरामात राहू शकतात.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत म्हणे. मग लिहून घ्या, मी भरभर सांगते.

आकार. तळ्याच्या पृष्ठभागाच्या १० ते ३० टक्के. आपल्या उन्हात आणि मासे भरपूर असतील तर निदान २० टक्के धरा. जावेच्या तळ्याला ७ फूट लांब, २ फूट रुंद हौद पुरला. गिट्टीची खोली एक फूट. म्हणजे १४ घनफूट गिट्टी, एका ब्रासचा (१०० घनफुटांचा) साधारण सातवा हिस्सा. हौदाचा काठ तळ्याच्या पाण्यापेक्षा थोडा उंच, आणि एका बाजूला सांडायला रुंद जागा. पाणी पसरून पडलं पाहिजे, तिथेच त्यात हवा मिसळते.

गिट्टी १० ते १२ मिलिमीटरची, काळ्या दगडाची किंवा नदीचे बारीक गोटे. चुरी नको, रेती नको, ती गच्च बसते. पांढऱ्या संगमरवरी चिप्स दिसायला छान, पण त्यांच्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर नको, पाणी जड होईल. घ्याल ती गिट्टी धुवा, धूळ निघेपर्यंत धुवा. आणि माती? एक ओंजळही नाही. मातीनं गिट्टी बुजते, शिवाय झाडांना खायला मातीतूनच मिळालं तर ती पाण्यातलं नायट्रेट कशाला ओढतील?

तळाशी दीड इंची पीव्हीसी पाईप, त्याला आरीनं दोन-दोन इंचांवर खाचा, आजूबाजूला थोडे मोठे दगड म्हणजे खाचा बुजणार नाहीत. पाईपचं दुसरं टोक एल्बो लावून गिट्टीच्या वर आणा आणि झाकण बसवा. वर्षातून एक-दोनदा झाकण काढून पंप जोरात चालवला की तळाचा गाळ तिथून बाहेर येतो. हे टोक ठेवायला लोक विसरतात आणि मग सगळी गिट्टी उपसत बसतात.

पंप असा, की तळ्याचं सगळं पाणी एक ते दोन तासांत एकदा गाळणीतून जाईल. चार हजार लिटरला ताशी दोन ते चार हजार, आणि पाणी जितकं उंच चढवायचंय तितक्या उंचीला हा आकडा मिळतो का ते डब्यावर बघून घ्या. ४० वॉटचा पंप दिवसरात्र चालला तर रोज जेमतेम एक युनिट. रात्री बंद करू नका, जिवाणूंना रात्रीही प्राणवायू लागतो. लाइट जास्त वेळ गेली तर ती परत आल्यावर आधी झाकण काढून पंप चालवा आणि गिट्टीत साचलेलं पाणी बाहेर सोडा, ते बागेतल्या झाडांना घाला, मग झाकण लावून पाणी पुन्हा तळ्यात पडू द्या.

झाडं: कर्दळ, वेखंड, वाळा, ब्राह्मी, नर्सरीत अंब्रेला पाम म्हणून मिळतं ते, आणि धोपा, म्हणजे अळू. धोप्याच्या पानांच्या वड्या होतील, पण तळ्यात कुठलंही औषध टाकलेलं नसेल तरच. वाळ्याची मुळं माठात घालू नका, कूलरच्या जाळीत घाला. पाणकणीस लावू नका, त्याचे कंद कागद फोडतात. जलपर्णीचं नावही काढू नका. झाडं वाढली की कापा आणि कापलेलं बाहेर न्या. तिथेच कुजू दिलं तर खाल्लेलं सगळं परत पाण्यात येईल.

डासांचं विचारणार आहात ना ताई? पाणी गिट्टीच्या पृष्ठभागाखाली दोन बोटं राहू द्या. उघडं साचलेलं पाणी नाही, म्हणजे अंडी घालायला जागा नाही. तळ्यात गप्पी सोडा.

पंप सुरू केल्यावर जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच मासे, खाणं कमी. आधी पाणी हिरवं होईल, घाबरून उपसू नका. उन्हाळ्यात रोज सेंटीमीटरभर पाणी उडतं, ते भरताना नळाचं पाणी एक दिवस ड्रममध्ये उघडं ठेवून मग घाला. बांधायला सुरुवात फेब्रुवारीत करा, म्हणजे ऊन चढायच्या आत झाडं रुजतील.

हॉलवाले उभे आहेत, थांबते. मागच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळून कर्दळीचे गड्डे ठेवलेत, ते घेऊन जा. ते काळ्या मातीतून काढलेले आहेत, घरी गेल्यावर बादलीत माती पूर्ण धुऊन काढा आणि मगच गिट्टीत लावा. वेखंड थोडेच आहेत, ते ज्यांचं तळं सावलीत आहे त्यांनी घ्या.