पान लागलं

(दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्र, संध्याकाळ. टेबलावर काचेची परीक्षानळी.)

या नळीत एका बाईचं २ मिलिलिटर रक्त आहे. आता २० मिनिटं नळीला कुणी हात लावायचा नाही. मग ती आडवी करून बघायची. रक्त गोठलेलं असलं तर रक्त बिघडवणारं विष तरी भिनलेलं नाही. पाण्यासारखं वाहिलं, तर आहे.

बाई पलीकडच्या खाटेवर. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आहेत. पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पेंढी उचलायला ती धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आली आणि घोट्याला काहीतरी लागलं. "काय व्हतं ते दिसलंच नाही जी," ती म्हणते. सासू 'साप' हा शब्दच तोंडातून काढत नाही. "पान लागलं," एवढंच म्हणते.

(दृश्य : धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं; वाकून रोवणाऱ्या बाया.)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. हा धानाचा पट्टा. बांधीत पाणी, पाण्यात बेडूक, धुऱ्यात उंदरांची बिळं, आणि त्यांच्या मागे साप. जगाच्या हिशेबातही हा आजार शेतकऱ्याचाच. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. बरेचसे घरीच झाले, म्हणून दवाखान्याच्या वहीत ते दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१७ साली.

या बाईला आधी बारी म्हणणाऱ्याकडे, म्हणजे मंत्रानं विष उतरवणाऱ्याकडे, नेणार होते. तो दोन घरं सोडून राहतो. कडुनिंबाचा पाला चावायला देतो. कडू लागला तर विष नाही, अशी त्याची परीक्षा. त्याला हसणं सोपं आहे. पण बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. मग उतरवणाऱ्याकडे जाऊन बरी झालेली माणसं गावात दहा सापडतात. शिवाय तो रात्री दोनलाही दार उघडतो आणि आधार कार्ड मागत नाही.

इथं मधे पडली ती आशाताई. "मावशी, आधी दवाखाना. मंग तुमची बारी." तिनं पाय करकचून बांधू दिला नाही. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी काठी लावली आणि पुतण्याच्या मोटारसायकलवर बाईला मधे बसवून, मागून धरून आणलं. १०८ ला फोन लावत बसली नाही. गावात रेंज नाही.

(दृश्य : औषधाचा फ्रिज.)

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी लस (प्रतिविष) एकच. घोड्याच्या रक्तातून बनते, म्हणून एखाद्याला तिचीच भयंकर रिॲक्शन येते. ती आवरायला अॅड्रेनालिनचं इंजेक्शन भरून शेजारी ठेवायचं असतं. कागदावर पाहिलं तर सोपं. पण सरकारी सेवेच्या बॉण्डवर नुकताच आलेला डॉक्टर रात्री एकटा असतो, दारात पन्नास माणसं जमलेली असतात. रिॲक्शन आली तर? मग तो लस फ्रिजमध्येच ठेवतो आणि 'रेफर' लिहितो. आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक आरोग्य केंद्र असावं, हा निकष इमारतीनं पुरा होतो. या भीतीचा निकष कुठल्याच तक्त्यात नाही.

आणि रेफर म्हणजे काय, ते गडचिरोलीतल्या भामरागडला विचारा. जिल्ह्याचं रुग्णालय दीडशे किलोमीटरहून लांब, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की वर्षानुवर्षं रस्ताच बंद होत आलाय.

ही नळीसुद्धा बघा. काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही, आणि साबणानं धुतलेली काचही चुकीचं उत्तर देते. नवी, कोरडी, काही रुपयांची नळी. आम्हाला विचाराल तर कोऱ्या इमारतीचा फोटो काढण्याआधी ही नळी मागून बघावी.

मण्यार चावली तर ही नळीही उपयोगाची नाही. हा साप रात्री जमिनीवर निजलेल्याला चावतो. सूज नाही, धड दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे गॅसची गोळी देतात. मग पापण्या मिटायला लागतात, मग श्वास. तेव्हा रबरी फुगा दाबत कुणीतरी श्वास देत राहिलं, तर माणूस परत येऊ शकतो. त्याआधीचा उपाय साधा आहे : कडा अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी. मलेरियासाठी वाटलेली चालते.

(दृश्य : पुन्हा टेबल. भिंतीवरचं घड्याळ.)

२० मिनिटं झाली. डॉक्टर नळी आडवी करतात. रक्त सरळ काठापर्यंत धावतं.

"रक्त बिघडवणारं विष. घोणस असावी," ते सिस्टरकडे बघून म्हणतात. "अॅड्रेनालिन भरा."

सिस्टर फ्रिज उघडते. आत १२ बाटल्या आहेत. ती १० बाहेर काढते, लसीची पूड विरघळवायला घेते. बाटली हलवत नाही, तळहातात हळूच फिरवते. सासू दारातून विचारते, "वाचंल ना जी?" डॉक्टर उत्तर देत नाहीत, सलाईनचे थेंब मोजतात.

फ्रिजमध्ये दोन उरल्या. रोवणी अजून पंधरा दिवस चालायची आहे.